पद्मिनी सकाळीही आणि गरम झाल्यावरही स्टार्ट व्हायला त्रास देते, कार्बोरेटर बदलू का?

गिरगाव_पद्मिनी

नमस्कार मंडळी. बाबांची १९८९ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल, गॅसकिट कधीच बसवलं नाही, कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) मूळचा सोलेक्स कंपनीचाच आहे. गाडी चाळीसमोर उभी असते, रोज काढणं होत नाही, रविवारी मरिन ड्राइव्हला एक चक्कर नाहीतर दादर-माहीमला नातेवाईकांकडे एवढंच. आता बाबांना चालवायला जमत नाही, ते बाजूला बसतात आणि मी चालवतो, त्यामुळे ही गाडी मला कुठल्याही परिस्थितीत नीट ठेवायचीय.

त्रास दोन प्रकारचा आहे. एक म्हणजे आठवडाभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी रडायला लागते, मग कुठेतरी एकदा पकडते, खोकते, बंद पडते, परत पकडते आणि मग चालू झाली की दिवसभर थंड स्टार्टला काही प्रॉब्लेम नाही, तासाभराने, दोन तासांनी हात लावला की चालू. दुसरं म्हणजे पेडर रोडच्या ट्रॅफिकमधून वगैरे चांगली गरम होऊन आली आणि दहा-पंधरा मिनिटं बंद करून परत स्टार्ट करायला गेलं की अजिबात नाही, नुसता सेल्फ फिरतो आणि पेट्रोलचा वास येतो. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू.

आतापर्यंत कार्बोरेटर साफ करून झालाय, प्लग नवे, बॅटरी नवी, पॉइंट (स्पार्कची वेळ ठरवणारे कॉन्टॅक्ट) घासून सेट केले. आता मेकॅनिक म्हणतोय हा कार्बोरेटर संपला, दुसऱ्या गाडीचा बसवूया. मला मूळचाच ठेवायचाय. काय करू? आणि सुरुवात कुठून करू?

काळीपिवळी_दादर

भाऊ आधी एक काम करा, कार्बोरेटरला कुणालाही हात लावू देऊ नका.

आमच्या घरात पद्मिनी टॅक्सी होती, वडिलांनी अर्धं आयुष्य तिच्यावर काढलं. ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी गेल्या तेव्हा घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. सांगायचं कारण हे की स्टँडवर उन्हाळ्यात हा गरम गाडीचा त्रास रोजचा असायचा आणि ड्रायव्हर लोक बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे, पाच मिनिटांत गाडी चालू. ते बरोबरच होतं पण फक्त तेव्हाच जेव्हा पंपात किंवा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ अडकलीय आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाहीये. तुमच्याकडे वास येतोय म्हणजे पेट्रोल कमी नाही, जास्त झालंय, ओव्हरफ्लो. तिथे फडकं ठेवून फायदा नाही.

पुढच्या वेळी गरम असताना नाही झाली तर असं करा: चोक (थंड स्टार्टला जास्तीचं पेट्रोल देणारा नॉब) पूर्ण आत, एक्सलेटर सावकाश तळापर्यंत दाबायचा आणि तिथेच दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि मग सेल्फ मारायचा. हवा भरपूर आत जाते, साठलेलं पेट्रोल बाहेर फेकलं जातं, पाच-सात सेकंदात पकडायला पाहिजे. पकडली की पाय हळूच सोडा. एक्सलेटर फटाफट मारणारे लोक ओव्हरफ्लो अजून वाढवतात, प्रत्येक वेळी पाय मारला की कार्बोरेटर अजून एक पिचकारी आत सोडतो. एवढं केल्यावर झाली तर रोग कळला असं समजा.

फिटर_मुलुंड

वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी थोडं सविस्तर लिहितो कारण ह्या गाड्यांच्या बाबतीत लोक न बघता पार्ट बदलत सुटतात आणि ते बघून जीव तुटतो. हे पार्ट आता परत बनणार नाहीत, १०८९ सीसीचं हे इंजिन कुर्ल्याच्या कारखान्यात बनायचं, तो कधीच बंद झाला, जे आहे ते सांभाळायचंय.

तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला तरी हे एक दुखणं वाटत नाही, दोन वेगळी दुखणी आहेत. सकाळी पेट्रोल कमी आणि गरम असताना पेट्रोल जास्त. एकाच औषधाने दोन्ही जाणार नाहीत, कार्बोरेटर बदलून तर नाहीच.

सकाळचं आधी घ्या. आठवडाभर गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या बाऊलमधलं (पेट्रोल साठणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं, मुंबईच्या हवेत तर लवकरच. तेवढं सगळ्याच जुन्या गाड्यांचं होतं. पण मग बाऊल परत भरायचं काम मेकॅनिकल पंपाचं, आणि तो पंप कॅमशाफ्टवर चालतो, कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे झाले की पंपाचा एक झटका. सेल्फवर इंजिन किती हळू फिरतं ते तुम्हाला माहितीय. पंप चांगला असेल आणि पाइपमध्ये पेट्रोल उभं असेल तर थोड्या सेल्फमध्ये बाऊल भरतो. पण पंपाचे व्हॉल्व गळत असतील किंवा पडदा कडक झाला असेल, नाहीतर टाकीकडून येणाऱ्या पाइपमध्ये कुठे हवा शिरत असेल तर सगळं पेट्रोल मागे टाकीत उतरून जातं आणि पंपाला सकाळी मागून पूर्ण लाइन ओढत आणावी लागते. तेवढ्यात बॅटरी बसते. आणि बॅटरी बसली की कॉइललाही (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवते ती) करंट कमी मिळतो, म्हणजे पेट्रोल पोचलं तेव्हा स्पार्क कमजोर, असा दुहेरी मार. मीटर असेल तर सेल्फ फिरताना बॅटरीवर व्होल्टेज बघा, ९.६च्या खाली जाता कामा नये. इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधली अर्थिंगची पट्टी पण काढून घासून परत घट्ट बसवा, नव्या बॅटरीचं निम्मं बळ तिथेच मरतं.

आता हे खरं आहे का ते बघायचं कसं? गाडी आठवडाभर उभी राहू दे. सकाळी सेल्फ मारायच्या आधी, चावी खिशात, एअर फिल्टर काढा, टॉर्च मारून कार्बोरेटरच्या तोंडात वरून बघा आणि हाताने थ्रॉटलचा (एक्सलेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा एकदा पूर्ण ओढा. आतल्या बारीक पितळी नळीतून पेट्रोलची सुतासारखी सरळ धार आली पाहिजे. धार आली तर बाऊलमध्ये पेट्रोल आहे, मग करंटकडे बघायचं. नाही आली तर बाऊल कोरडा. कोरडा असेल तर सिरिंजने थोडं पेट्रोल बाऊलच्या हवेच्या भोकातून आत सोडा, सांडलेलं पुसा, एअर फिल्टर परत बसवा (फिल्टरशिवाय स्टार्ट करू नका, बॅकफायर झाला तर वरती जाळ येतो) आणि सेल्फ मारा. लगेच पकडली तर तुमचे प्लग, पॉइंट, कॉइल, टायमिंग सगळं ठीक, दोष पेट्रोल पोचण्यात.

गरमचं उलट. गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, बॉनेटखालची गरमी बाहेर जात नाही आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं कार्बोरेटर चालू गाडीपेक्षा जास्त तापतो. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतो. बाऊल उकळला की पेट्रोल मेन नळीतून वर चढून इंजिनात टपकत राहतं, नेमका हाच तुमचा वास. फ्लोटची (बाऊलमधल्या तरंगत्या तुकड्याची) लेव्हल वर असेल, त्याने बंद होणारा नीडल व्हॉल्व नीट बसत नसेल किंवा कार्बोरेटरखालचा गरमी अडवणारा जाड फायबरचा तुकडा गायब असेल तर हे हमखास होतं. गरम असताना चालू झाली नाही तर फिल्टर काढून नुसतं बघा, नळीतून थेंब पडताना डोळ्याला दिसतील.

फक्त एक शंका बाजूला काढून टाका. कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबीसारखा पार्ट) आणि कॉइल पण गरम झाले की दगा देतात आणि लक्षण सेम दिसतं, अर्ध्या तासाने गाडी चालू. म्हणून गरम असताना कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्यूटरमधून काढून, रबरी पकडीने धरून इंजिनापासून पाच-सहा मिमीवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळा, टक टक आवाजाचा स्पार्क पाहिजे. पिवळट, मरतुकडा असेल तर आधी कंडेन्सर. हे करताना जवळ उघडं पेट्रोल नको, कार्बोरेटर उघडा असताना तर अजिबात नको.

सोलेक्सवाला

एक गोष्ट राहिली जी मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या कार्बोरेटरच्या तोंडात वरून बघा, चोक ओढल्यावर तिथे एक पत्र्याची झडप बंद होते का? झाली तर साधा चोक. पण बऱ्याच जुन्या सोलेक्समध्ये झडप नसतेच, बाजूला वेगळं स्टार्टरचं छोटं युनिट असतं, त्यात भोकं असलेली चकती फिरते आणि वेगळ्या वाटेने जास्तीचं पेट्रोल जातं. ते चालतं फक्त थ्रॉटल बंद असताना, कारण खालचं व्हॅक्यूम त्याला पेट्रोल ओढायला लागतं. म्हणजे सकाळी चोक ओढून वर एक्सलेटर दाबला की चोकचा परिणामच जातो. तसला असेल तर चोक पूर्ण ओढा, पाय पेडलवरून काढून घ्या आणि मग सेल्फ मारा. चोकची केबल पण बघा, नॉब ओढल्यावर कार्बोरेटरकडचा दांडा शेवटपर्यंत जातो का, केबल ढिली असली की नॉब बाहेर येतो आणि दांडा अर्ध्यावरच राहतो.

आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) साफ करताना तार घालू देऊ नका कुणाला. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की तो जेट गेला. क्लीनर आणि हवा, बस.

नवी_मुंबई_रायडर

एवढं सगळं कशाला, इलेक्ट्रिक पेट्रोल पंप लावून टाका, चावी फिरवली की पाच सेकंदात बाऊल भरतो, मग सेल्फ. मित्राच्या गाडीत लावलाय, मस्त चालतो.

फिटर_मुलुंड

@नवी_मुंबई_रायडर लावता येतो, नाही म्हणत नाही, पण आधी दोन गोष्टी. कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व जेमतेम तीन-चार पीएसआय (दाबाचं माप) सहन करतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्या वर देतो, तो लावला तर पेट्रोल बाऊलमधून उसळून इंजिनावर सांडेल आणि आग लागेल. कमी प्रेशरचा, कार्बोरेटरसाठीचाच पंप पाहिजे. दुसरं म्हणजे मेकॅनिकल पंप इंजिन थांबलं की थांबतो, इलेक्ट्रिक चालूच राहतो. अपघातात पाइप तुटला तर तो पेट्रोल ओततच राहील. ऑइल प्रेशर स्विचमधून किंवा धक्का बसला की करंट तोडणाऱ्या स्विचमधून वायरिंग केल्याशिवाय मी कुणाच्या गाडीत लावणार नाही. आणि ह्यांच्या गरम असतानाच्या दुखण्यावर त्याचा शून्य उपयोग आहे, उलट नीडल गळत असेल तर अजून वाढेल.

पार्लेकर_जुनी_गाडी

पेट्रोल कोणतं टाकताय ह्याचाही विचार करा. आता पंपावर सगळीकडे ई२० येतंय, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्या गाड्या बनल्या तेव्हा हा विषयच नव्हता. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९, म्हणजे जुन्या जेटवर ई२० चाललं की मिश्रण आपोआप पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि थंड इंजिन अजून कुरकुर करतं. वर इथेनॉल जुन्या रबराला खातं, पंपाचा पडदा, नळ्या, नीडलचं टोक, सगळं. आणि पाणी ओढतं. पावसाळा संपल्यावर मी माझ्या गाडीचा बाऊल उघडला तर तळाला पांढरी भुकटी आणि पाण्याचे बारीक मणी होते, बोटाने पुसल्यावर खाली धातूला चावल्यासारखे खड्डे. तेव्हापासून टाकीत फार दिवसांचं पेट्रोल ठेवत नाही, थोडं भरायचं आणि संपवायचं, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करून ठेवतो.

नळ्या बदलाल तेव्हा साधी काळी रबरी नळी घेऊ नका, एसएई जे३० आर९ छापलेली मागा, ती इथेनॉलला टिकते.

पावसाळ्यातलं अजून एक. रात्री दिवे नसलेल्या जागी गाडी चालू करून बॉनेट उघडा, प्लगच्या वायरींवर किंवा डिस्ट्रिब्यूटर कॅपवर निळ्या ठिणग्या रेंगाळताना दिसल्या तर करंट तिथेच गळतोय. कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा, आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती कॅप बाद.

गिरगाव_पद्मिनी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सगळं करून बघितलं, लिहितो.

आठवडा उभी ठेवून सकाळी दांडा ओढला, धार नाही, काहीच नाही. सिरिंजने बाऊलमध्ये पेट्रोल सोडलं, फिल्टर लावला, सेल्फला हात लावला तशी पकडली. चोक झडपवाला नाहीये, बाजूला युनिट आहे, आणि मी आजपर्यंत चोक ओढून एक्सलेटर मारत होतो कारण बाबा तसंच करायचे, आता पाय बाजूला ठेवतो.

गरम असताना पाय तळाला धरून सेल्फ मारला तर झाली, प्रत्येक वेळी. फिल्टर काढून बघितलं तर मधल्या नळीतून खरंच टप टप थेंब पडत होते. स्पार्क निळा आहे, गरम असताना पण.

अजून एक दिसलं ते विचारायचंय. कार्बोरेटरच्या खाली फक्त पातळ कागदी गॅस्केट आहे, आणि दोन्ही स्टड नटाच्या वर बोटाच्या पेरभर बाहेर आलेत. हे असंच असतं का?

फिटर_मुलुंड

नाही, असं नसतं, आणि हे तुम्ही छान पकडलंत. स्टड एवढे बाहेर आलेत म्हणजे मधलं काहीतरी जाड निघालंय. तिथे जाड इन्सुलेटरचा तुकडा होता, कार्बोरेटर कधीतरी उतरवला तेव्हा तो तुटला असेल नाहीतर परत लावलाच नसेल. गरमी आता सरळ बाऊलला मिळतेय.

पंपाचं पण एकदा खात्री करून घ्या. कॉइलच्या बारीक वायरीपैकी चावीकडून येणारी काढून तिला टेप लावा, म्हणजे स्पार्क होणारच नाही. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडवून पारदर्शक बाटलीत घाला, सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नीट, जोरात पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. पेट्रोलबरोबर बुडबुडे आले तर टाकीच्या बाजूने हवा शिरतेय. गंमत अशी की ओढणाऱ्या बाजूची नळी फुटली तर बाहेर पेट्रोल गळत नाही, आत हवा जाते, म्हणून खाली एक थेंब दिसत नाही आणि कुणाला संशय येत नाही.

गिरगाव_पद्मिनी

बुडबुडे. आधी बराच वेळ नुसती हवा, मग बुडबुड्यांसकट पेट्रोल. टाकीजवळ लोखंडी पाइपला जोडणारा रबरी तुकडा वाकवला तर वरून सगळीकडे भेगा आहेत, पेट्रोलचा थेंब मात्र कुठेच नाही. सगळं एकदम करू की एकेक? आणि पार्ट कुठे मिळतील?

फिटर_मुलुंड

एकेक करा म्हणजे कशाने काय सुधारलं ते कळेल. आधी टाकीपासून पंपापर्यंत सगळे रबरी तुकडे. त्यावर सकाळचा त्रास गेला तर पंप उघडूच नका. थोडा राहिला तर पंपाचं किट, पडदा आणि व्हॉल्व, ते बसवताना पडद्याची कड नीट बसली का बघा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करत जा. मग कार्बोरेटरखाली इन्सुलेटर, दोन्ही बाजूला नवी कागदी गॅस्केट, आणि नट अंदाजाने, फार आवळलं की कार्बोरेटरचा तळ वाकतो आणि कडेने हवा घ्यायला लागतो, मग आयडलिंग कधीच जमणार नाही. नीडल व्हॉल्व नवा टाका आणि फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट बदला. मुख्य जेटला हात नको. शेवटी इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंग आणि हवेचा स्क्रू सेट करा.

काळीपिवळी_दादर

पार्टसाठी ऑपेरा हाऊसला जा, तुमच्या घरापासून चालत, तिथल्या जुन्या स्पेअर पार्टवाल्यांकडे पंपाचं किट आणि नीडल विचारा. जुना नीडल आणि जुनी गॅस्केट बरोबर न्या, तोंडाने सांगून चुकीचा माल येतो. तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर कपाडिया नगर, तिथे भंगारातले पार्ट निघतात, इन्सुलेटर तिथे मिळायची शक्यता जास्त, फक्त तडा गेलेला नाही ना ते उजेडात धरून बघा. किट घेताना पडदा बोटाने वाकवा, जुना साठलेला माल असेल तर कडक लागतो, तो घेऊ नका.

गिरगाव_पद्मिनी

उद्या ऑपेरा हाऊस. नळीला नेहमीचे स्क्रूवाले क्लिप चालतील का?

फिटर_मुलुंड

भोकं पाडलेल्या पट्टीचे नको, ते बारीक नळीचं रबर कापतात. सपाट पट्टीचे, पेट्रोलच्या नळीसाठीचे लहान क्लिप मिळतात ते घ्या. नळी पाइपवर बोटाच्या एका पेराएवढी चढली पाहिजे. नळी बदलण्याचं काम गाडी पूर्ण थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवून करा. झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून बघा, कुठेही ओला झाला तर गाडी रस्त्यावर काढू नका.